सेल्युकसचा शक

इ.स.पू. २८१ ची गोष्ट. पंच्याहत्तरी ओलांडलेला सेल्युकस राजा आशियातून समुद्र ओलांडून युरोपात उतरला होता. अलेक्झांडरच्या फौजेबरोबर मॅसिडोनिया सोडून पन्नासच्या वर वर्षं झाली होती आणि मरायच्या आधी एकदा जन्मभूमी पाहायची होती. ती काही दिसली नाही. त्याच्याच आश्रयाला राहिलेल्या टॉलेमी केराउनोस नावाच्या राजपुत्राने वाटेत त्याला भोसकून मारलं. बातमी पोचली, मुलगा अँटिओकस गादीवर आला, आणि बॅबिलोनच्या कारकुनांपुढे प्रश्न पडला: आता रोख्यावर वर्ष कोणतं घालायचं?

रिवाज जुना आणि पक्का होता. राजा गादीवर आला की त्याचं पहिलं वर्ष, मग दुसरं, तिसरं. तो गेला की पाटी कोरी, पुन्हा एक. सेल्युकसचं तेव्हा ३१वं वर्ष चालू होतं. अँटिओकसने पाटी पुसली नाही. पुढचं वर्ष ३२वं म्हणूनच लिहिलं गेलं. नातू गादीवर आला तेव्हा ५१ चालू होतं. घराण्याचा शेवटचा राजा पदच्युत झाला तेव्हा मोजणी २४८ वर गेली होती, आणि राजा गेल्यावरही ती थांबली नाही.

आपल्याला यात विशेष वाटत नाही, कारण आपण जन्मल्यापासून इसवी सन, शके, संवत, हिजरी अशा न थांबणाऱ्या मोजण्यांत वावरतो. पण त्याआधी एवढ्या मोठ्या राज्यात, रोजच्या व्यवहारात, राजा मेला तरी पुढे चालत राहणारी वर्षांची मोजणी कुणी वापरल्याचं दिसत नाही. ग्रीक विद्वान ऑलिम्पिक खेळांवरून चार-चार वर्षांचे गट मोजत, पण ते इतिहास लिहिणाऱ्यांचं साधन होतं. बाजारात धान्य उधार घेणारा माणूस ते वापरत नसे. सेल्युकसच्या घराण्याची ही देणगी मला त्यांच्या सगळ्या लढायांपेक्षा मोठी वाटते.

आता हे घराणं कोण ते बघू.

इ.स.पू. ३२३ मध्ये अलेक्झांडर बॅबिलोनमध्ये वारला. मागे राहिले एक मंदबुद्धी सावत्र भाऊ, एक पोटातलं मूल आणि एकमेकांवर डोळा ठेवून असलेले सरदार. पेशवाईच्या काळात शिंदे-होळकर जसे साताऱ्याच्या गादीचं नाव घेऊन आपापला कारभार करत, तसे हे सरदार सुरुवातीला त्या भावाच्या आणि बाळाच्या नावाने राज्य करत होते. पुढे भाऊही मारला गेला आणि मुलगाही. गंमत अशी की मुलगा मेल्यानंतरही काही वर्षं बॅबिलोनच्या विटांवर, म्हणजे ओल्या मातीवर खुणा कोरून केलेल्या दस्तऐवजांवर, त्याच्याच नावाची वर्षं पडत राहिली. दुसरा राजा नक्की कोण, हेच ठरलेलं नव्हतं.

अखेर तीन मोठी घराणी उरली. इजिप्तमध्ये टॉलेमी, ज्यांची शेवटची राणी क्लिओपात्रा सगळ्यांना ठाऊक असते. मॅसिडोनियात अँटिगोनस या सरदाराचे वंशज. आणि तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यापासून सीरिया, इराक, इराण ओलांडून थेट मध्य आशियापर्यंत पसरलेलं सेल्युकसचं राज्य. अलेक्झांडरच्या मृत्यूपासून रोमने हे सगळं गिळेपर्यंतच्या सुमारे तीनशे वर्षांना ‘हेलेनिस्टिक’ काळ म्हणतात. राजे ग्रीक बोलणारे, प्रजा इजिप्शियन, बॅबिलोनी, इराणी, ज्यू, सीरियन, अशी ती मिसळ होती.

सेल्युकस सुरुवातीला यातला दुय्यम माणूस होता. इ.स.पू. ३२६ मध्ये झेलमच्या काठी पोरसाशी झालेल्या लढाईत तो अलेक्झांडरच्या पायदळातल्या निवडक तुकडीचा नायक होता, आणि हत्ती म्हणजे काय चीज आहे ते त्याने तिथे जवळून पाहिलं. दोन वर्षांनी सुसा शहरात अलेक्झांडरने आपल्या सरदारांची इराणी घराण्यांतल्या मुलींशी सामुदायिक लग्नं लावली. सेल्युकसच्या वाट्याला अपामा आली. तिचा बाप स्पितामेनेस हा आजच्या उझबेकिस्तानच्या बाजूचा सरदार, अलेक्झांडरला सर्वांत जास्त छळणारा शत्रू. अलेक्झांडर गेल्यावर यातले बहुतेक संसार मोडले. सेल्युकसने अपामाला सोडलं नाही. ज्या अँटिओकसने पाटी पुसली नाही, तो तिचाच मुलगा. त्यामुळे हे घराणं दुसऱ्या पिढीपासूनच अर्धं मॅसिडोनियन आणि अर्धं मध्य आशियाई होतं, आणि राज्यातल्या अनेक शहरांना या आजीचं नाव मिळालं: अपामिया.

सरदारांच्या वाटणीत सेल्युकसला बॅबिलोन मिळालं, पण तिथून त्याला अँटिगोनसने हुसकावलं. तो जीव वाचवून इजिप्तला टॉलेमीकडे पळाला. इ.स.पू. ३१२ मध्ये टॉलेमीने त्याला हजारभर माणसं दिली आणि एवढ्या बळावर तो बॅबिलोनला परतला. लोकांनी त्याला आपला मानलं, शहर हाती आलं. पुढे इ.स.पू. ३०५ च्या सुमारास त्याने ‘राजा’ ही पदवी घेतली, तेव्हा वर्षांची मोजणी मागे नेऊन या परतीपासून धरली. म्हणजे या शकाचं ‘पहिलं वर्ष’ ते चालू असताना कुणी पहिलं म्हणून लिहिलंच नव्हतं. सातव्या-आठव्या वर्षी कारकुनांनी ते मागे वळून मोजलं.

इथे एक बारकावा आहे, आणि आपल्याला तो चटकन कळेल. बॅबिलोनचं वर्ष वसंतात निसान्नु महिन्यापासून सुरू होई, साधारण आपल्या चैत्रासारखं. मॅसिडोनियन वर्ष शरदात सुरू होई. दरबारातले ग्रीक इ.स.पू. ३१२ च्या शरदापासून मोजू लागले, बॅबिलोनी लोक ३११ च्या वसंतापासून. शक एकच, पण नववर्ष वेगळं. विक्रम संवत उत्तरेत चैत्रात बदलतो आणि गुजरातेत दिवाळीनंतर कार्तिकात, तसंच हे. बॅबिलोनी वर्षही आपल्यासारखंच चंद्रावर चालणारं, म्हणून त्यांनाही अधिक महिना घालावा लागे. १९ वर्षांत ७ अधिक महिने, हे चक्र तिथल्या जाणकारांनी सेल्युकसच्या आधीच पक्कं बसवलं होतं. आपल्या पंचांगातही १९ वर्षांत साधारण तेवढेच अधिक मास येतात. राजाने वर हिशेबाचा आकडा ठेवला, खाली यंत्रणा बॅबिलोनची होती.

आता हत्ती. पूर्वेकडे आपली हद्द पक्की करायला सेल्युकस सिंधूपर्यंत आला आणि तिथे त्याची गाठ चंद्रगुप्त मौर्याशी पडली. इ.स.पू. ३०३ च्या सुमारास दोघांत तह झाला. सेल्युकसने कंदाहार आणि काबूलच्या बाजूचा मुलूख, शिवाय बलुचिस्तानचा भाग सोडला, दोन्ही घराण्यांत सोयरीक ठरली, आणि त्याला ५०० हत्ती मिळाले. पुष्कळदा हा तह ‘यवनाचा (म्हणजे ग्रीकाचा) पराभव’ म्हणून सांगितला जातो. पण सेल्युकसच्या बाजूने बघितलं तर सौदा उत्तम होता. इ.स.पू. ३०१ मध्ये इप्ससच्या रणांगणावर अँटिगोनसचा मुलगा घोडदळ घेऊन पाठलाग करत फार पुढे गेला. परत फिरून बघतो तर मध्ये हत्तींची भिंत उभी. हत्तीची सवय नसलेले घोडे त्याच्या वासानेच बिथरतात. मुलगा बापापर्यंत पोचू शकला नाही आणि ८१ वर्षांचा अँटिगोनस तिथेच पडला. सीरिया सेल्युकसच्या हाती आला. पुढच्याच वर्षी त्याने ओरोंतीस नदीकाठी मुलाच्या नावाने... किंवा बापाच्या, दोघांचंही नाव अँटिओकसच होतं... अँटिऑक शहर वसवलं. आज ते तुर्कस्तानातलं अंताक्या.

चंद्रगुप्ताच्या दरबारी मेगॅस्थेनिस हा वकील सेल्युकसच्याच बाजूने आला होता. पुढच्या पिढीतही जाणंयेणं राहिलं. बिंदुसाराने अँटिओकसकडे गोड मद्य, सुके अंजीर आणि एक तत्त्वज्ञ विकत मागवला, अशी गोष्ट एका ग्रीक लेखकाने नोंदवली आहे. उत्तर आलं की मद्य आणि अंजीर पाठवतो, पण तत्त्वज्ञ विकायची आमच्यात रीत नाही.

याच अँटिओकसचं एक मातीचं नळकांडं आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. बॅबिलोनजवळच्या बोर्सिप्पा गावी, नाबू देवाच्या मंदिराच्या पायात ते पुरलेलं होतं. लिपी कीलाकृती, भाषा अक्कादी, आणि मजकूर असा की बॅबिलोनच्या जुन्या नबुकद्नेझर राजाने लिहिला असता तरी शोभला असता. मी थोर राजा, जगाचा राजा, बॅबिलोनचा राजा. देवळाच्या पहिल्या विटा मी सीरियात स्वतःच्या हातांनी उत्तम तेलात मळून घडवल्या आणि पाया घालायला इथे आणल्या. शेवटी राणी स्त्रातोनिकेसाठीही आशीर्वाद मागितला आहे. ग्रीक राजा नाबूला विनवतोय हे तर सुंदर आहेच, पण माझी नजर तारखेवर थांबते. आदार महिना, दिवस २०, वर्ष ४३. म्हणजे इ.स.पू. २६८ चा मार्च. अँटिओकस स्वतः गादीवर येऊन तेव्हा जेमतेम तेरा वर्षं झाली होती. देवासमोरच्या लेखातसुद्धा तो बापाची मोजणी पुढे नेत होता. अशा प्रकारचा हा आपल्याला माहीत असलेला शेवटचा राजलेख.

या आकड्याने काय बदललं? राजाच्या वर्षांवरून तारीख लिहिली की जुना रोखा वाचायला राजांची यादी पाठ असावी लागते. कोणता राजा कोणाआधी, कोणी किती वर्षं राज्य केलं, हे सगळं जोडल्याशिवाय दोन कागदांमधलं अंतर कळत नाही. सलग शकात वजाबाकी केली की काम झालं. ९४ मधून ७१ गेले, २३ वर्षं. गहाण किती काळ पडून आहे, भाडं किती थकलंय, पट्टा कधी संपतो, हे राजवाड्यात काय चाललंय याची पर्वा न करता सांगता येऊ लागलं. आणि पुढची तारीखही लिहिता येऊ लागली. ‘राजाचं ४०वं वर्ष’ असा वायदा करणारा राजाच्या आयुष्यावर पैज लावतो. शकाला ती भीती नाही.

टायग्रिसकाठच्या सेल्युकिया शहरात, आजच्या बगदादच्या दक्षिणेला, एक जळालेलं दफ्तर सापडलं. कागद राख झाले, पण त्यांवर लावलेल्या मातीच्या मुद्रा आगीत भाजून टणक झाल्या. अशा २५ हजारांहून अधिक. त्यातल्या कितीतरींवर मीठपट्टी भरल्याचा ठसा आहे आणि ठशातच वर्षाचा आकडा. मिठासारख्या रोजच्या जिनसावर कर घ्यायचा, तो वर्षावर्षाने लिहायचा, आणि या निमित्ताने शहरातल्या प्रत्येक घराला चालू वर्ष कोणतं ते आपोआप कळायचं. दुसरीकडे बॅबिलोनच्या मंदिरातले खगोलज्ञ रोज रात्रीचं आकाश लिहून ठेवत होते आणि त्याखाली सातूचा, खजुराचा, तिळाचा, लोकरीचा भाव आणि नदीचं पाणी किती चढलं ते. याही नोंदी त्याच शकात. बावीसशे वर्षांपूर्वी एखाद्या महिन्यात सातू स्वस्त होता की महाग, हे आज सांगता येतं ते या माणसांच्या शिस्तीमुळे.

घराण्याचा उतार थोडक्यात सांगतो, कारण तो बराचसा भाऊबंदकीचा आहे. तिसऱ्या शतकाच्या मध्याला बॅक्ट्रिया (आजच्या उत्तर अफगाणिस्तानकडचा मुलूख) आणि पार्थिया (इराणचा ईशान्य भाग) हातातून निसटले. तिसऱ्या अँटिओकसने पूर्वेची सात-आठ वर्षांची मोहीम करून बरंच परत मिळवलं, काबूलकडच्या सुभागसेन राजाकडून पुन्हा हत्तीही आणले, पण मग तो रोमच्या वाटेला गेला. इ.स.पू. १९० च्या सुमारास मॅग्नेशियाला त्याचा मोड झाला. त्यानंतरच्या तहात आशिया मायनर गेलं, १२ वर्षांत १२ हजार टॅलंट (त्या काळचं मोठं वजन) चांदी भरायची ठरली, आणि लढाऊ हत्ती पाळायला मनाई झाली. राजांनी गुपचूप हत्ती ठेवले, तेव्हा इ.स.पू. १६२ मध्ये रोमचा माणूस येऊन त्यांच्या पायाच्या शिरा तोडून गेला. लोकांना ते पाहवलं नाही, आणि त्या रोमन दूताचा पुढे खून झाला. चंद्रगुप्तापासून सुरू झालेली हत्तींची गोष्ट तिथे संपली.

चौथा अँटिओकस इजिप्त जिंकायच्या बेतात असताना रोमच्या वकिलाने काठीने त्याच्याभोवती वाळूत वर्तुळ काढलं आणि यातून बाहेर पडायच्या आत उत्तर दे म्हणाला. राजा माघारी फिरला. त्यानेच जेरुसलेमच्या मंदिरात ज्यू धर्मावर घाला घातला, त्यातून मक्काबी या ज्यू घराण्याचं बंड उठलं, आणि इ.स.पू. १६४ मध्ये मंदिर पुन्हा शुद्ध केल्याच्या आठवणीत ज्यू लोक आजही हनुक्का साजरा करतात. त्या बंडाची हकिगत सांगणारा ग्रंथ शत्रूच्याच शकात तारखा देतो, हे वाचताना मी दर वेळी थांबतो. त्यात लिहिलं आहे की १७०व्या वर्षी परक्यांचं जोखड गेलं आणि लोक आपल्या करारांवर ‘महायाजक सायमनचं पहिलं वर्ष’ असं लिहू लागले. स्वातंत्र्य मिळालं हे कळायची खूण कोणती, तर कागदावरचं वर्ष. पण सायमनची मोजणी टिकली नाही. ज्यू समाजानेच पुढे ग्रीकांचा शक ‘करारांची गणना’ या नावाने शेकडो वर्षं वापरला, आणि येमेनमधल्या ज्यूंकडे तो आधुनिक काळापर्यंत चालू होता.

पार्थियनांनीही तेच केलं. इ.स.पू. १४१ मध्ये त्यांनी बॅबिलोन घेतलं. त्यांचा स्वतःचा शक इ.स.पू. २४७ पासूनचा. पण बॅबिलोनच्या विटांवर दोन्ही आकडे शेजारी-शेजारी येऊ लागले, ६४ च्या फरकाने. लोकांची जुनी खतं जुन्या शकात होती, ती कशी फेकून देणार? इ.स.पू. ६४ मध्ये रोमन सेनापती पाँपीने शेवटच्या अँटिओकसला गादी नाकारली तेव्हा कुणाच्या रोख्यात काही फरक पडला नसावा.

भारतापर्यंत ही रीत कशी आली त्याचे धागेदोरे मोठे देखणे आहेत. अशोक आपल्या तेराव्या शिलालेखात कलिंग जिंकल्याचं सांगतो ते ‘अभिषेकाला आठ वर्षं झाली तेव्हा’ असं. त्याच लेखात शेजारच्या यवन राजा अंतियोकाचं नाव आहे, म्हणजे सेल्युकसच्या नातवाचं. एका बाजूला राजाच्या अभिषेकापासूनची वर्षं, दुसऱ्या बाजूला त्या अंतियोकाच्या राज्यात पन्नाशी-साठीत पोचलेला शक. आपल्याकडच्या सातवाहनांनीही जुनीच रीत पाळली. नाशिकच्या पांडवलेण्यांत, तिसऱ्या लेण्यात, गौतमीपुत्र सातकर्णीचं १८वं आणि २४वं वर्ष आहे आणि त्याच लेण्यात त्याच्या मुलाचं, पुळुमावीचं १९वं. ओळखीचा राजवंश नसता तर मुलाचा लेख बापाच्या मधोमध घातला गेला असता. आणि ज्या सातवाहनांच्या नावाने आपण ‘शालिवाहन शके’ म्हणतो, त्यांच्या स्वतःच्या लेखांत तो शक नाही.

वायव्येत मात्र बॅक्ट्रियातून आलेल्या ग्रीक राजांनी आपला वेगळा ‘यवन’ शक सुरू केला होता. बाजौर भागातल्या अप्रच घराण्याच्या एका अस्थिकरंडकावर तीन तारखा एकत्र कोरल्या आहेत: राजा विजयमित्राचं २७वं वर्ष, अय राजाच्या शकाचं ७३वं आणि यवनांचं २०१वं. यवन राज्य तेव्हा बुडालेलं होतं. पुढे कुषाणांच्या काळातल्या खरोष्ठी लिपीतल्या लेखांत चालू शकाबरोबर मॅसिडोनियन महिन्यांची नावंही येतात. वर्दकच्या कलशावर ‘अर्तमिसिय’, सुई विहारच्या ताम्रपटावर ‘दैसिक’. न थांबणारा शक भारतात ग्रीक आणि शक (मध्य आशियातून आलेल्या शक टोळ्यांच्या) राजांच्या वाटेने आला असं अनेक अभ्यासक मानतात, ते अशा खुणांमुळे. इ.स. ७८ पासूनचा आपला शक त्याच वाटेवरचा. शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये राज्याभिषेक शक सुरू केला आणि पुढच्या छत्रपतींच्या पत्रांतही तोच पुढे चालला, तेव्हा त्यांनी नकळत अँटिओकसचाच निर्णय पुन्हा घेतला.

सीरियाक भाषेत प्रार्थना करणाऱ्या पूर्वेकडच्या ख्रिश्चनांनी ‘ग्रीकांचं वर्ष’ सर्वांत दूर नेलं. चीनमधल्या शीआन शहरात इ.स. ७८१ मध्ये उभारलेल्या त्यांच्या शिळेवर चिनी मजकुराशेजारी सीरियाक अक्षरांत १०९२ हा आकडा आहे. केरळातल्या कोडुंगल्लूरला इ.स. १३०१ मध्ये एका लेखनिकाने सीरियाक हस्तलिखित नकलून पुरं केलं आणि शेवटी आपली तारीख घातली: जून महिना, बुधवार, ग्रीकांचं १६१२वं वर्ष.